तुम्ही रचलेलं गाव दुसऱ्या लेखकाला वापरायला द्याल का?

घाटवाट :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो, आज विचारतोच.

गेली अकरा वर्षं मी एक तालुका लिहितोय. नाव पाथरखिंड. सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या माथ्यालगत. नकाशात शोधायला जाऊ नका, तो फक्त माझ्या वह्यांत आहे. चौदा गावं, वेळणा नावाची नदी, एक घाट, मंगळवारचा बाजार, काळ १९५० ते १९७५. यातल्या काही कथा दिवाळी अंकांत येऊन गेल्यात.

वह्या सहा झाल्यात. आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा आहे, तो घड्यांवर फाटायला लागला म्हणून आईनं मागून जुन्या धोतराचं कापड खळीनं चिकटवून दिलं. मुक्कामी एसटीचं वेळापत्रक आहे, रात्री ८.१० ला वर येते, सकाळी ६.४० ला खाली उतरते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपतात आणि कुठल्या वारी कुणाच्या घरून त्यांना भाकरी जाते तेही लिहून ठेवलंय.

तर झालं असं की गेल्या महिन्यात एका लिहित्या मैत्रिणीनं विचारलं, मला पाथरखिंडीत एक कथा लिहू देशील का? मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्या रात्री झोप लागली नाही. एक मन म्हणतं गाव म्हटलं की माणसं येणारच, दुसरं म्हणतं ओवरीत झोपलेल्या कंडक्टरला उद्या कुणी चोर करून टाकलं तर? तुमच्यापैकी कुणी आपलं जग असं दुसऱ्याच्या हातात दिलंय का? काय नियम ठेवले? काय फसलं?

नुसतीच_वाचते :
नकाशाचा फोटो टाका आधी. बाकी मागनं बोलू.

मालवणी_खाजा :
आमच्याकडे दशावतारात दुसरं काय चालतं हो? माझे काका राजपार्टी, म्हणजे राजाचं काम, करायचे. संध्याकाळी रंगरंगोटी चालू असताना ठरायचं की आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस. लिहिलेली संहिता नाही, सगळे संवाद उभ्या उभ्या. पुराणातलं जग सगळ्यांना पाठ, पण आज रात्री नारद काय बोलणार ते फक्त नारदाक म्हायत.

काकांनी मला एकच नियम सांगितला होता. समोरचो एकदा बोललो ता बोललो. तो म्हणालो माका दोन झील (मुलगे) आसत, तर त्याका दोनच झील, तुमका आवडो नायतर नको. तुम्ही तिसरा काढा, मुलगी काढा, जावई काढा, पण ते दोन पुसायचे नाहीत. पुसले की समोरचा माणूस अख्ख्या गावासमोर उघडा पडतो आणि मग रात्रभर नाटक लंगडतं. मला वाटतं तुमच्या तालुक्याला एवढा एक नियम पुरेल.

निळी_शाई :
एका नियमानं भागत नाही, अनुभवानं सांगते.

आम्ही पाच जणांनी मिळून एक गाव रचलं होतं, बंदराचं. ज्यानं पात्र आणलं त्याचं ते, पण बाकीच्यांनी वापरलं तरी चालेल असं तोंडी ठरलेलं. माझा एक पोस्टमन होता, डाव्या पायानं किंचित लंगडणारा, मनीऑर्डर देताना समोरच्या बाईला अंगठा उठवायला शाईचा पॅड स्वतःच्या गुडघ्यावर धरायचा. त्याच्यासाठी मी पुढची दोन वर्षं मनात राखून ठेवली होती. आमच्यातल्या एकानं आपल्या कथेच्या दुसऱ्याच पानावर त्याला ट्रकखाली घातला, कारण त्याला कथेची सुरुवात दणक्यात करायची होती. आणि मालवणी_खाजा म्हणतात तसं, झालं ते पुसायचं नाही हा नियम आमच्याकडेही होताच! म्हणजे पोस्टमन गेला तो गेलाच. मी चार दिवस जेवले नाही धड. भांडण झालं, गट फुटला, बंदर तसंच पडून आहे.

त्यामुळे घाटवाट, कुणाला मारायचं असेल तर आधी विचारायचं, हे लेखी ठेव.

पानपूर्ती :
निळी_शाई, पोस्टमनचं वाचून वाईट वाटलं. पण विचारून मारलं की काय मजा येते त्याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेत १९३० च्या आसपास भयकथा लिहिणारा लव्हक्राफ्ट, त्यानं आपली गावं, आपले देव, एक खोटंच पुस्तक, सगळं मित्रांना वापरायला मोकळं ठेवलं होतं. क्लार्क ॲश्टन स्मिथ, रॉबर्ट हॉवर्ड ही मंडळी त्याचं उचलायची आणि तो त्यांचं उचलायचा. रॉबर्ट ब्लॉक तेव्हा विशीच्या आतलाच पोरगा. त्यानं पत्र पाठवून विचारलं, तुमच्यासारखं एक पात्र कथेत मारू का? लव्हक्राफ्टनं लेखी परवानगी दिली, आणि साक्षीदार म्हणून सह्या कुणाच्या, तर त्याच्या आणि मित्रांच्या कथांतल्या काल्पनिक माणसांच्या. ती कथा १९३५ ला आली. मग १९३६ ला लव्हक्राफ्टनं रॉबर्ट ब्लेक नावाचं पात्र काढून त्याला मारलं आणि हिशेब चुकता केला.

यातलं ते खोटं पुस्तक तर इतक्या जणांच्या कथांत आलं की वाचकांना ते खरंच कुठल्यातरी ग्रंथालयात असणार असं वाटायला लागलं. एकट्यानं कितीही लिहिलं असतं तरी हे झालं नसतं. वेगवेगळ्या तोंडून एकच गोष्ट ऐकली की माणूस ती खरी धरतो.

भूगोलाचा_तास :
फोटोची वाट बघतो, पण तोवर एक शंका. चौदा गावं म्हणालात, ती पूर्व-पश्चिम किती पसरलीत? कारण माथ्यावरनं पूर्वेला उतरत गेलं की पाऊस कसा पडत जातो ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि तिथनं तीसेक किलोमीटरवर वाईला हजाराच्याही आत. म्हणजे वरच्या गावात नाचणी, वरी, भात, आणि खालच्या गावात ज्वारी-बाजरी. भाकरीचा रंग बदलला पाहिजे तालुक्यात!

आणि वेळणा कुठं जाते? माथ्यावर दोन हातांच्या अंतरानं पडलेले दोन थेंब, एक सावित्रीनं बाणकोटला अरबी समुद्रात आणि दुसरा कृष्णेनं चौदाशे किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागरात. कृष्णेच्या उगमापासून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ६५ किलोमीटर, आणि ती त्याच्याकडे पाठ करून निघते. तुमच्या खिंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला हे दोन्ही उतार दिसत असणार.

घाटवाट :
@भूगोलाचा_तास, सर तुम्ही मला पकडलंत. वेळणा पूर्वेला, कोयनेला मिळते, ते बरोबर आहे. पण माझ्या सगळ्याच्या सगळ्या चौदा गावांत भात आहे. अकरा वर्षांत एकदाही लक्षात आलं नाही, कारण माझं आजोळ माथ्यावरचं आणि डोळ्यासमोर कायम तेच खाचर. खालच्या पाच गावांत आजपासून ज्वारी. नकाशाचा फोटो खाली टाकलाय.

खडखडाट :
मुक्कामी गाडी! काय आठवण काढलीत राव. आमच्या गावाला यायची तेव्हा आम्ही पोरं पाटी-दप्तर टाकून टपावर कुणाचं काय आलंय ते बघायला पळायचो. रात्री गाडीचं इंजिन बंद झालं की अख्खं गाव एकदम शांत व्हायचं, ते आत्ता हे टाइप करताना कानात आलं.

एक बारीक शंका मात्र आहे. एसटीची पहिली गाडीच धावली १ जून १९४८ ला, पुणे ते नगर. तुमच्या घाटात १९५० ला लगेच मुक्कामी गाडी? आणि तिकीट आण्यात का पैशात? १ एप्रिल १९५७ पासून नये पैसे आले, हे लक्षात ठेवा.

घाटवाट :
वेळापत्रक १९६३ चं आहे, तेव्हा तिकीट नव्या पैशातच. त्याआधी घाट चालत आणि बैलगाडीनं.

कायद्याची_पानं :
वकिली करतो म्हणून दोन शब्द. नुसत्या कल्पनेवर हक्क लागत नाही. घाटावरचा एक तालुका, मंगळवारचा बाजार, मुक्कामी गाडी, हे कुणीही लिहू शकतं. तुम्ही जे शब्दांत मांडलंत, जे नकाशात काढलंत, त्यावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तुमचा हक्क लिहिता क्षणी येतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं.

आता दुसऱ्याला वापरू द्यायचं तर तोंडी ठरवू नका. साधी ईमेल चालेल पण तीत चार गोष्टी हव्यात: काय वापरायचं, किती काळ, कुठं छापायचं, आणि मैत्रिणीनं नवीन जी पात्रं आणली त्यांचा मालक कोण. या शेवटच्यावरनंच भांडणं होतात. आणि हक्क कुणाला कायमचा लिहून देणार असाल तर मुदत लिहा, न लिहिल्यास कायदा ती पाच वर्षं धरतो. आपलं नाव लागण्याचा आणि आपल्या लेखनाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क मात्र सगळं देऊन टाकल्यावरही लेखकाकडेच राहतो, कलम ५७. तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

वेशीबाहेर :
नकाशा मोठा करून बघितला. सुंदर काढलाय, हे आधी सांगतो. देऊळ आहे, पार आहे, पाटलाचा वाडा आहे, खळी आहेत, विहीर आहे. चौदाच्या चौदा गावांत प्रत्येकी एकच विहीर. आता सांगा, गावकुसाबाहेर काय आहे?

तुमच्या दिवाळी अंकातल्या दोन कथा मी वाचल्यात. १९५२ सालातली एक आहे, तीत सगळं गाव एका विहिरीवर पाणी भरतं आणि गप्पा मारतं. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ ला, महाडला, म्हणजे तुमच्या घाटाखाली उतरून थोडं उत्तरेला गेलं की. पाणी सगळ्यांचं असायला महाडला लढावं लागलं, आणि तुमच्या पाथरखिंडीत ते आपोआपच झालं? अस्पृश्यतेविरुद्धचा कायदासुद्धा १९५५ चा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोक जमले, त्यात तुमच्या चौदा गावांतला एकही माणूस नव्हता? माझे पणजोबा गेले होते, साताऱ्याकडूनच. आल्यावर घरातले देव त्यांनी नदीत सोडले, हे आमच्या घरात अजून सांगतात.

मला भांडायचं नाही. तुम्ही विचारलंत की जग दुसऱ्याला द्यावं का. मी म्हणतो द्या, कारण एकट्या माणसाला आपल्या आळीपलीकडचं दिसत नाही.

सांजवात :
@वेशीबाहेर, मुद्दा कळतो पण काल्पनिक तालुका आहे ना हा? लेखकानं एक छान गाव रचलं, त्यात सगळा इतिहास आणलाच पाहिजे असा आग्रह का? काही कथा नुसत्या मुक्कामी गाडीच्या असू देत की.

वेशीबाहेर :
@सांजवात, असू देत. पण ती गाडी सकाळी ६.४० ला निघते तेव्हा तिच्यात कोण कुठं बसतं ते लेखकाला ठाऊक पाहिजे. कथेत लिहा न लिहा. पाऊस किती पडतो ते सरांनी विचारलं तेव्हा काल्पनिक आहे म्हणून कुणी सोडून दिलं नाही.

घाटवाट :
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं सुचेना. @वेशीबाहेर, तुमचं शब्दन्‌शब्द खरं आहे. मी आजीच्या तोंडून ऐकलेलं गाव काढलं आणि आजीनं जे सांगितलं नाही ते मी विचारलंच नाही. काल वही तीन काढून बसलो. चौदा गावांत विहिरी, पाणवठे, वस्त्या नव्यानं काढायला घेतल्या आणि माझ्या लक्षात आलं की मला पेन्सिल चालवता येतेय पण माणसं दिसत नाहीत. तुम्ही लिहाल का? वस्तीचं नाव, तिथले रस्ते, तिथली माणसं, सगळं तुमचं, मी त्यात हात घालणार नाही. आणि १९५२ ची ती विहीर खोटी होती असं तुमच्या कथेत कुणी म्हणालं तर म्हणू दे.

मालवणी_खाजा :
अरेच्चा, म्हणजे बोललेलं पुसायचं नाही हा नियम इथं मोडला की! पण माझ्या मते मोडला नाही. पहिल्या कथेतल्या म्हातारीनं सांगितलं की सगळे एका विहिरीवर यायचे. दुसऱ्या कथेतला माणूस म्हणेल, तिला तसं आठवतंय, आम्ही कुठं उभे असायचो ते तिनं बघितलंच नव्हतं. दोन्ही ऱ्हवले. नाटकात याका आमी झकास म्हणतो.

वेशीबाहेर :
लिहितो. मला महिनाभर द्या. आजोबांशी बोलायचंय आधी.

जाई_टोरांटो :
इथं आमचा सहा जणांचा इंग्रजीत लिहिणारा गट आहे, आठ वर्षं एकच शहर लिहितोय आणि अजून बोलतोय एकमेकांशी. 🙂 सांगण्यासारखं एवढंच की आमच्याकडे दोन याद्या आहेत. एक, काय ठरलंय. दुसरी, काय मुद्दाम ठरवलेलं नाही. दुसरी यादी जास्त कामाची. जुन्या पुलावरची आग कुणी लावली हे आम्ही ठरवलेलंच नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या कथेत त्याबद्दल वेगळी अफवा आहे. घाटवाट, तुमच्या सहा वह्या वाचून मला तर धडकीच भरली, पाहुण्याला पाट टाकायला जागा कुठाय? काही गावं रिकामी सोडा.

आणि कुणी वेगळं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडमधल्या लिहित्या ब्राँटे भावंडांचं माहितीय ना? १८२६ ला वडिलांनी भावासाठी लाकडी शिपाई आणले, चौघांनी त्यांना नावं देऊन अख्खं राज्य उभं केलं, बोटाएवढ्या वह्यांत लिहिलं. पुढं एमिली आणि ॲन या धाकट्या दोघींनी आपलं निराळंच बेट काढलं, मोठ्यांच्या राज्यात आपलं काही चालत नाही म्हणून असेल. त्या बेटाबद्दलचं गद्य सगळं हरवलं पण एमिलीच्या कविता राहिल्या, आणि काय कविता आहेत त्या!

जात्यावर :
परदेशातलं सगळं बरोबर आहे, पण आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलंय की. जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेचं जग घेतलं आणि त्यात स्वतःचं घातलं. वनवासातली सीता कुणाच्या ओवीत सासुरवाशीण, कुणाच्या ओवीत बाळंतीण, तिला कुणी नव्हतं म्हणून बोरी-बाभळी तिच्याजवळ आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. या बायांनी कुणाची परवानगी काढली नव्हती आणि कुणी कुणाची ओवी खोडलीही नाही. शेजारणीनं एक म्हटली की त्याच चालीवर आपली पुढं.

रानजाई :
मी इथं फारसं लिहीत नाही. पण हा धागा चौथ्यांदा वाचतेय.

माझ्या आजीचं गाव धरणात गेलं. कुठलं धरण ते राहू दे. त्यांना खाली मैदानात जमीन मिळाली, काळी, चिकट, पावसाळ्यात चपलेसकट पाय धरून ठेवणारी. आजीला ती जमीन कधी आवडली नाही. तिला ज्वारीची भाकरी थापता यायची नाही नीट, आयुष्यभर नाचणीची सवय, ती म्हणायची याच्यात जीवच नाही. गाव नेमकं कसं होतं ते आता सांगणारं कुणी राहिलं नाही. माझ्याकडे तिची सहा-सात वाक्यं आहेत. खालच्या आळीला तीन घरं. दारात फणस, त्याला पहिलं फळ कायम बुंध्याशीच लागायचं. ओढ्यावर जायला सतरा पायऱ्या, त्यातली एक हलायची.

एवढ्यावर माझं स्वतःचं गाव उभं राहत नाही, खूपदा प्रयत्न केला. पण तुमच्या तालुक्यात मला एक आळी मिळाली तर या सतरा पायऱ्या तिथं बसतील असं वाटतंय. तुमच्याकडे नदी आहे, बाजार आहे, गाडी आहे. मला फक्त ओढा लागेल.

निळी_शाई :
रानजाई 🙏 घाटवाट, दे रे बाबा.

भूगोलाचा_तास :
पाटणच्या वरच्या अंगाला आहे म्हणजे ११ डिसेंबर १९६७ ची पहाटही येणार तुमच्या काळात, कोयनेचा भूकंप. हे गाव भूकंपाआधी उठलं की नंतर, तेवढं ठरवा. पाडलेल्या घरांचे वासे लोक नव्या जागी घेऊन जात, तेही बघा.

घाटवाट :
मंडळी, मी मैत्रिणीला हो कळवलंय. ठरवलं ते असं. नवव्या गावापासून पुढची सहा गावं मी रिकामी करतोय, नावं राहतील, बाकी सगळं खोडलं. (त्यात माझ्या तीन अर्धवट कथा होत्या, एका रात्रीत तीन कथा खोडताना छातीत धस्स झालं हे कबूल करतो.) वस्ती वेशीबाहेर यांची. कुणाच्या माणसाला मारायचं, लग्न लावायचं, गावाबाहेर काढायचं तर आधी त्याला विचारायचं. नवीन पात्र ज्याचं त्याचं. वकीलसाहेबांच्या चार गोष्टींची ईमेल प्रत्येकाला पाठवतो.

@रानजाई, अकरावं गाव तुमचं. वेळणेला उत्तरेकडून एक ओढा येतो, त्याला मी नाव दिलेलं नव्हतं. भूकंपाआधी की नंतर ते तुम्ही ठरवा.

रानजाई :
नंतर. आजी म्हणायची, भुईनं आधी हलवलं आणि मग पाण्यानं उठवलं.

सुरुवात करून बघितलीय, टाकते:

"सतरा पायऱ्यांतली हलणारी पायरी कुठली ते फक्त खालच्या आळीला ठाऊक होतं. परक्या माणसाचा हंडा तिथं हिंदकळला की काठावरच्या बायका न बघताच म्हणत, पाव्हणी दिसतेय. त्या वर्षी उन्हाळ्यात मोजणीवाले आले. त्यांच्यातला एक जण त्याच पायरीवर पाय देऊन उभा राहिला, पायरी हलली, पण त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही."

जात्यावर :
पुढचं लवकर टाका.

नुसतीच_वाचते :
नकाशा बघून विचारतेय, मुक्कामी गाडी खालच्या आळीला थांबते का?

घाटवाट :
आत्तापर्यंत थांबत नव्हती, त्या गावाला फाटाच नव्हता. आज काढला. वेळापत्रकात घालतो, सकाळी ६.५५.